१८० रुपयांचा रिले, २०,९०० रुपयांचा खर्च: दुकानाची जुनी गाडी आणि सर्व्हिस मॅन्युअल



या वेळचा व्हिडिओ दुकानात नाही, दुकानामागच्या बोळात शूट केलाय. माझी २००९ ची अल्टो, बॉनेट वर, आणि फेंडरवर जुनी चादर टाकून तिच्यावर उघडलेलं एक जाडजूड पुस्तक. व्हिडिओत माझे काळे हात छान दिसतात, पण पुस्तकातले तक्ते काही वाचता येत नाहीत. शिवाय गाडीच्या हिशेबाचा भाग घाईत उरकला गेला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुमच्यापैकी बरेच जण नवीन धंदा सुरू करताना जुनी छोटी गाडी घेतात. वॅगन आर, सँट्रो, ओम्नी, अल्टो. बरोबरच आहे, भांडवल मालात जायला पाहिजे, गाडीत नाही. पण गाडी घेतल्यावर तिच्याकडे आपण दोनच वेळा बघतो: पेट्रोल टाकताना आणि बंद पडल्यावर. मीही तेच करत होतो.

गोष्ट २०१९ सालची. माझं साताऱ्यात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. केकचे खोके, मिठाईचे बॉक्स, बटर पेपर, बेस बोर्ड. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे वर्षाची कमाई. पुण्याहून मिठाईचे बॉक्स भरून निघालो. मागची सीट पाडलेली, छतापर्यंत माल. तेव्हा पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढावा लागायचा, बोगदा फक्त साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांच्या नशिबात होता. सणाच्या गर्दीत घाटात रांग लागलेली. गाडी पहिल्या गिअरमध्ये दहा फूट पुढे, पुन्हा उभी. पेट्रोल वाचावं म्हणून एसी बंद ठेवलेला. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेलेला मला दिसला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. म्हटलं, माथा आलाच आहे, उतारावर होईल गार. माथा यायच्या आधीच बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

मी बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तेव्हा मागच्या ट्रकच्या काकांनी ओरडून थांबवलं. "अहो, हात भाजून घ्याल! अर्धा तास थांबा." त्या माणसाचे उपकार. गरम रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. झाकण उघडलं की दाब जातो, पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि तोंडावर येतं.

हेड गॅस्केट गेली होती. गाडीचं बिल १४,६०० रुपये, टोइंगचे ३,५००, माल खाली आणायला टेम्पो २,८००. बेरीज २०,९००. शिवाय वाईच्या एका मिठाईवाल्यांना सकाळी बॉक्स हवे होते, त्यांनी दुसरीकडून घेतले आणि पुढची दोन वर्षं तिकडूनच घेत राहिले. त्यांचं काही चुकलं नाही.

आणि कारण काय निघालं? रेडिएटरच्या पंख्याचा रिले मेलेला. किंमत १८० रुपये. पंखा किती दिवसांपासून फिरत नव्हता, देव जाणे. हायवेवर समोरून वारा लागतो म्हणून इंजिन गार राहायचं आणि आजार झाकला जायचा. घाटात वारा थांबला आणि उघडा पडला.

पुस्तक म्हणजे नेमकं कुठलं

गाडीबरोबर ग्लोव्ह बॉक्समध्ये येतं ते मालकाचं पुस्तक. दिवे कसे लावायचे, स्टेपनी कशी बदलायची, हवा किती, तेल कुठलं. तेही वाचा, बहुतेकांनी ते प्लॅस्टिकमधून बाहेरच काढलेलं नसतं. पण मी बोलतोय ते सर्व्हिस मॅन्युअलबद्दल. कंपनी हे आपल्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकसाठी छापते. त्यात इंजिन, क्लच, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग असे वेगवेगळे विभाग असतात. भाग कसा उघडायचा, कसा मोजायचा, कितीला बाद समजायचा आणि किती घट्ट आवळायचा, हे सगळं चित्रांसह.

मला माझं पुस्तक एका बंद पडलेल्या गॅरेजच्या सामानात मिळालं, २५० रुपयांना. पानांना ग्रीसचे डाग, दोन पानं गायब. तुम्ही कंपनीच्या अधिकृत डीलरकडे, सेकंडहँड पुस्तकवाल्यांकडे, जुन्या गॅरेजमध्ये विचारा. एक खबरदारी मात्र घ्या, पुस्तक तुमच्याच इंजिनाचं आहे ना, हे बघा. 'अल्टो' हे नाव एकच, पण त्या नावाखाली आपल्याकडे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एफ८डी इंजिन आलं, काही वर्षं १.१ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आलं, आणि २०१० मध्ये अल्टो के१० आली ती ९९८ सीसीच्या के सीरीज इंजिनाची. एफ८डीला टायमिंगचा पट्टा आहे, के१० ला चेन. चुकीचं पुस्तक घेऊन बसलात तर नसलेला पट्टा शोधत राहाल. आरसी बुकावरचा इंजिन नंबर, मॉडेलचं वर्ष आणि पुस्तकाचं पहिलं पान जुळवून मगच पैसे द्या.

पुस्तक इंग्रजीत असतं, त्याला घाबरू नका. भाषा अगदी सरळ असते. काढा, पुसा, मोजा, बदला. कथा-कादंबरी नाही ती. मी पहिल्या महिन्यात पन्नासेक शब्द वहीत लिहून काढले, तेवढ्यावर आजपर्यंत भागलंय.

दोन तक्ते, आणि आपण दुसऱ्यात बसतो

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. आधी देखभालीचा तक्ता शोधा. डावीकडे भागांची नावं, वर किलोमीटर आणि महिने. चौकटीत 'आय' लिहिलं असेल तर तपासा, गरज असेल तर साफ करा, ॲडजस्ट करा. 'आर' लिहिलं असेल तर बदला. किलोमीटर आणि महिने यातलं जे आधी येईल ते धरायचं. दुकानाच्या गाडीचं किलोमीटर कमी होतं म्हणून ब्रेक फ्लुइड चार-चार वर्षं तसंच राहतं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. त्यात पाणी मुरलं की ते कमी तापमानाला उकळतं, आणि उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर आत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ब्रेक लागत नाही. माल भरून घाट उतरणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा. गाडी उभी असली तरी महिने चालूच असतात.

आता खरी गंमत. या तक्त्याच्या पुढे बहुतेक पुस्तकांत आणखी एक तक्ता असतो: कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी. आपल्याला वाटतं हा रॅलीवाल्यांसाठी असेल. माझ्या पुस्तकात कठीण परिस्थिती म्हणजे काय ते वाचलं तर पहिल्याच ओळीत होतं, वारंवार छोट्या फेऱ्या. मग धुळीचे रस्ते. मग खराब, चिखलाचे रस्ते. हे तर आपलंच वर्णन झालं! दुकानातून राजवाडा, तिथून पोवई नाका, परत दुकान. प्रत्येक वेळी इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद. छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये जमलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही, त्यामुळे ऑइल लवकर खराब होतं. दुसऱ्या तक्त्यात ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर यांची मुदत म्हणूनच कमी केलेली असते. 'माझी गाडी फार कमी फिरते हो' असं म्हणणारे बहुतेक दुकानदार या दुसऱ्या तक्त्यात बसतात.

पुस्तकातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे दोन आकड्यांची जोडी. प्रत्येक झिजणाऱ्या भागापुढे एक प्रमाण माप असतं आणि एक मर्यादा. प्रमाण माप म्हणजे नवीन असताना किती. मर्यादा म्हणजे याच्यापुढे वापरू नका. ब्रेक पॅडची जाडी, मागच्या ड्रमचा आतला व्यास, स्पार्क प्लगची फट, सगळ्याला. 'पॅड अजून चालतील का?' या प्रश्नाला गॅरेजमध्ये 'चालतील की' किंवा 'बदलून टाका' अशी दोनच उत्तरं मिळतात, मिस्त्रींचा त्या दिवशी मूड कसा आहे त्यावर. पुस्तक मिलिमीटरमध्ये उत्तर देतं. तुम्ही मोजायचं, तारीख आणि किलोमीटर टाकून वहीत लिहायचं. दहा हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजलं की कधी बदलावे लागतील याचा अंदाज आपोआप येतो, आणि पॅड दिवाळीत नाही तर ऑगस्टमध्ये, धंदा थंड असताना बदलता येतात.

मिस्त्रींसमोर पुस्तक कसं उघडायचं

हा नाजूक विषय आहे. माझ्या गाडीचं काम करणाऱ्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. तीस वर्षं हातात पाना आहे. आवाजावरून सांगतात कुठला बेअरिंग बोलतोय. अशा माणसासमोर पुस्तक आपटून 'यात असं लिहिलंय' म्हणालात तर तुमची गाडी शेवटी हातात घेतली जाईल, आणि बरोबरच होईल ते.

माझी पहिली वेळ त्याच हेड गॅस्केटच्या कामाची. हेड खोलून बाकावर ठेवलेलं. मामा म्हणाले, "नवीन गॅस्केट टाकतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." मला सीझनची घाई होती, मी हो म्हणणारच होतो. पण पुस्तक तोवर हाताशी आलेलं आणि आदल्या रात्री ते पान वाचलेलं. गाडी गरम होऊन गॅस्केट गेली असेल तर हेडचा तळ वाकलाय का ते सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून सहा ठिकाणी तपासायचं. आमच्या गाडीच्या पुस्तकातली मर्यादा ०.०५ मिलिमीटर. कागदाच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, हा आकडा साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीच्या जवळपास निम्मा.

मी विचारलं, "मामा, यात मोजायला सांगितलंय. तुमच्याकडे गेज आहे का? मलाही बघायचंय कसं मोजतात." गेज होतं. लावलं. मधल्या सिलिंडरपाशी ०.१० ची पात आरामात आत गेली. मामा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फेसिंगला पाठवू." हेड मशीनवर घासून आणायला आणखी दीड दिवस गेला आणि पैसेही गेले. पण तसंच बसवलं असतं तर नवी गॅस्केट महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गेली असती, तीही कदाचित ख्रिसमसच्या केकच्या सीझनमध्ये.

तर पद्धत अशी. हुकूम सोडायचा नाही, प्रश्न विचारायचा. 'याचं माप किती भरलं?', 'जुना भाग मला दाखवाल का?', 'पुस्तकात बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायला सांगितलेत, तुम्ही कसं करता?' चांगल्या मिस्त्रींना असे प्रश्न आवडतात. ज्यांना आवडत नाहीत त्यांच्याकडून आपण गॅरेज बदलायचं, भांडायचं नाही. आता मामाच मला फोन करतात: "अहो, त्या पुस्तकात अमुक वायरचा रंग काय दिलाय बघा."

वायरवरून आठवलं. वायरिंगची पानं बघून पोटात गोळा येतो, मान्य आहे. पण शहराच्या नकाशासारखं बघा, तुम्हाला एकच रस्ता लागतो. प्रत्येक वायरपुढे रंगाची अक्षरं असतात. दोन रंग दिले असतील तर पहिला वायरचा मूळ रंग, दुसरा तिच्यावरच्या बारीक पट्टीचा. पंख्याचा रस्ता बॅटरीपासून बोटाने काढा: फ्यूज, रिले, मोटर, आणि मग जमीन, म्हणजे बॉडीचा अर्थ. या चार थांब्यांपैकी कुठेतरी वीज अडलीय. मोटरचा कनेक्टर काढून तिला थेट बारा व्होल्ट दिले आणि पंखा फिरला, तर मोटर ठीक, मागे सरका. फ्यूज बघा, मग रिलेच्या जागी तसाच दुसरा रिले लावून बघा. तेवढ्यात उत्तर मिळतं. हात मात्र पात्यांपासून लांब ठेवा, पंखा न सांगता सुरू होतो.

पुस्तकात दोषांचे तक्तेही असतात. लक्षण, शक्य कारण, उपाय, असे तीन रकाने. एका लक्षणासमोर सात-आठ कारणं असतात. माझा नियम साधा: त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि हाताला येणारं कारण आधी तपासायचं. क्लच घसरतोय, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो पण चढावर गाडी ओढत नाही, तर पहिलं वाक्य ऐकू येतं 'क्लच प्लेट गेली'. असेलही. पण केबलचा क्लच असेल तर पेडलला वर थोडा मोकळा खेळ असावा लागतो. तो शून्य झाला असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगली प्लेटही जळते. केबलचा नट फिरवायला दहा मिनिटं लागतात. सात हजारांच्या कामाआधी दहा मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

स्वतः काय करायचं, काय नाही

मी स्वतः करतो ती कामं: एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरीची टर्मिनलं, वायपर, फ्यूज-रिले, कूलंटची पातळी, टायरची हवा. बस. प्लग काढायचे ते इंजिन थंड असताना, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे खराब होतात. नवीन प्लग आधी हाताने फिरवत बसवायचा, पाना नंतर. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. कारण उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते.

ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, टायमिंगचा पट्टा हे मामांकडे. मला जमणार नाही असं नाही, पण त्या चुकीची किंमत रुपयांत मोजता येत नाही. आणि गाडीबरोबरच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. तो जॅक फक्त चाक बदलायला आहे. खाली काम करायचं तर स्टँड हवेत, सपाट जागा हवी.

एका हत्याराला मात्र पैसे घाला: टॉर्क रेंच. नट किती जोराने आवळायचा ते पुस्तकात न्यूटन-मीटर आणि किलोग्रॅम-मीटर अशा दोन मापांत असतं. ५० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ५.१ किलोग्रॅम-मीटर. रेंचवर कुठलं माप आहे ते बघून लावा, नाहीतर बोल्ट तुटून हातात येईल. माझ्या गाडीचा ऑइल ड्रेनचा बोल्ट एका ठिकाणी पोराने पान्याला पाइप लावून आवळला होता. 'गळायला नको' म्हणून. पुढच्या ऑइल चेंजला बोल्टबरोबर चेंबरचे आटेच बाहेर आले. हेतू चांगला होता बिचाऱ्याचा.

कूलंटबद्दल थोडं. माझ्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं आणि बोअरचं पाणी पडत होतं, कधी गॅरेजमध्ये, कधी पेट्रोल पंपावर, कधी मीच. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि आतून गंज धरतो. कूलंट फक्त थंड प्रदेशात गोठू नये म्हणून असतं हा गैरसमज आहे. त्याने उकळण्याचा बिंदू वर जातो आणि गंज रोखला जातो. डिस्टिल्ड पाण्यात पुस्तकात दिलेल्या प्रमाणात मिसळा, किंवा तयार मिसळलेलं आणा. मी २०१९ मध्ये पूर्ण धुऊन कूलंट भरलं, तरी आधीची पापं फिटली नाहीत. २०२३ मध्ये रेडिएटर गळायला लागला आणि बदलावा लागला.

वही, आणि विकायचं कधी

पुस्तकाइतकीच महत्त्वाची ती दोनशे पानी वही, जी व्हिडिओत चहाच्या डागासकट दिसते. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठला पार्ट, किती पैसे, पुढचं कधी. बिल त्याच पानाला स्टेपल करा. गाडी धंद्यासाठी वापरता तर सीएंना ही बिलं लागतातच.

माझ्या वहीतले दुरुस्ती-देखभालीचे चार वर्षांचे आकडे: २०२१ ला १४,०००. २०२२ ला ११,५००. २०२३ ला ३१,०००, कारण त्यात चार टायर १०,८००, क्लच सेट मजुरीसह ७,२०० आणि तो रेडिएटर ३,४००. २०२४ ला १२,८००. एकूण ६९,३००. चार वर्षांत गाडी ४४,००० किलोमीटर चालली, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ५८ पैसे, महिन्याला साधारण १,४५० रुपये.

समोर नवीन गाडी ठेवा. साडेचार लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो ९,४५० च्या आसपास. वरून पूर्ण विम्याचा जास्त हप्ता. २०२३ च्या त्या ३१,००० च्या वर्षी घरी चर्चा झाली होती, 'आता विकून टाका, फार खर्च काढायला लागली'. मोठं बिल समोर आलं की आपल्याला गाडी खर्चिक वाटते. वही उघडून दाखवली तेव्हा विषय थांबला. अख्ख्या वर्षाचा तो खर्च नव्या गाडीच्या साडेतीन हप्त्यांपेक्षाही कमी होता, आणि टायर-क्लच पुढची काही वर्षं चालणारे होते.

पण म्हणून जुनी गाडी कायम ठेवा असं माझं म्हणणं नाही. वहीच उलटंही सांगू शकते. मी माझ्यासाठी तीन खुणा ठरवल्यात. बॉडीला, खासकरून सस्पेन्शन जिथे बसतं तिथे गंज लागला, तर विकायची, कारण तो पार्ट बदलून जात नाही. सलग दोन वर्षं खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर विकायची. आणि वर्षात दोनदा गाडीमुळे ग्राहकाचा माल पोचला नाही, तर खर्च कितीही कमी असो, विकायची. मर्यादा ठरवायची ही सवय त्या पुस्तकाचीच. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना ठरवायला बसलात तर निर्णय रागात होतो.

कागदांचंही बघा. माझी गाडी २०२४ मध्ये पंधरा वर्षांची झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी, नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर, मग पाच वर्षांची मुदत मिळते. हा खर्च वहीत वेगळ्या पानावर धरा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन दुसऱ्याचा माल वाहू नका, त्याला व्यावसायिक नोंदणी लागते. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकतो.

आता या रविवारी करायचं काम. गाडी सपाटीला, हवेशीर जागेत उभी करा. इंजिन थंड असताना कूलंटच्या डब्यात पातळी आणि रंग बघा. गढूळ, गंजट दिसलं तर लिहून ठेवा. गाडी सुरू करून एसी लावा, एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच फिरायला हवा. मग एसी बंद करून गाडी तशीच चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. काटा मध्याजवळ आल्यावर थोड्या वेळात पंखा आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे. काटा मध्याच्या वर चढत राहिला आणि पंखा गप्प असेल, तर गाडी लगेच बंद करा आणि सोमवारी मिस्त्रींकडे न्या, घाटात नको. वाटेत कधी काटा चढायला लागला, तर एसी बंद, हीटर फुल्ल आणि खिडक्या उघड्या करा. हीटर इंजिनाची उष्णता आत ओढतो, तुम्हाला घाम फुटेल पण बाजूला थांबायला जागा मिळेपर्यंत वेळ मिळेल. थांबल्यावर झाकणाला हात लावू नका.

मी हे दर दोन महिन्यांनी करतो. एक जादा रिले ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो, मालकाच्या पुस्तकाखाली.